डाग काढणं म्हणजे उलटी रंगाई

परळ, लालबाग, भायखळा, वरळी हा पट्टा शंभराहून अधिक वर्षं ज्या धंद्यावर जगला, त्याचा अर्धा जीव कापड विणण्यात होता आणि अर्धा त्या कापडावर रंग टिकवण्यात. कावसजी दावरांनी ताडदेवच्या गिरणीची कंपनी १८५४ मध्ये काढली आणि १८५६ मध्ये तिचं उत्पादन सुरू झालं. त्याच १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या पोराला ॲनिलिनपासून पहिला कृत्रिम जांभळा रंग सापडला. योगायोगच, पण मुंबईच्या पुढच्या शतकाला तो चांगलाच मानवला. १८७९ मध्ये नवरोसजी वाडियांनी बॉम्बे डाइंग सुरू केली तेव्हा सूत हाताने रंगवून उन्हात वाळत घालत, आणि रंग होते लाल, हिरवा आणि नारिंगी असे तीनच. पुढे गिरण्यागिरण्यांतून रंगखाती उभी राहिली. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला तेव्हा त्याच्या पहिल्या विषयांतच कापडाचं रसायनशास्त्र होतं. हा विभाग पुढे माटुंग्याला गेला आणि के. वेंकटरामन यांच्यासारखा रंगरसायनांचा जगन्मान्य अभ्यासक त्याचा संचालक झाला. या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी एकच प्रश्न होता: कोणता धागा कोणता रंग धरतो, आणि का धरतो?

शाईचा डाग काढायचा तर हाच प्रश्न उलट बाजूने विचारावा लागतो. घरगुती सल्ला मात्र अजून अर्ध्याच प्रश्नावर अडलेला आहे. शाईच्या डागावर काय लावू, असं विचारलं की लिंबू-मीठ, ताक, दूध, टूथपेस्ट, हेअरस्प्रे, सॅनिटायझर, ब्लीच अशी जंत्री मिळते, आणि प्रत्येकाच्या मागे तो उपाय हमखास लागू पडल्याचा दाखला असतो. दाखले बहुधा खरेच असतात. फक्त शाई कोणती होती आणि ती कशावर सांडली, हे त्यांत कोणी सांगत नाही, आणि सगळी मेख तिथेच आहे. शाईचा डाग ही अपघाताने झालेली रंगाई असते. रंगखात्यातला मास्तर सुताला, रेशमाला आणि पॉलिएस्टरला एकाच पिंपात बुडवत नसे, कारण तिघांची रंग धरण्याची तऱ्हा निराळी. मग रंग सोडण्याची तऱ्हा तरी एकच कशी असेल? एका धाग्यावरचा डाग घालवणारा उपाय दुसऱ्या धाग्यावर तोच डाग पक्का करतो, इथवर ही गोष्ट जाते.

आधी शाईकडे पाहू. गिरगावाइतकी शाईशी घसट असलेला भाग मुंबईत दुसरा क्वचितच सापडेल. जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना याच बाजूचा, मौजेचा छापखाना खटाववाडीतला, शाळा गल्लोगल्ली, आणि काळबादेवीच्या पेढ्यांवर चोपडे लिहिणारे मुनीम शेजारीच. सगळ्यांच्या हाताला काळं-निळं लागायचं, पण लागणारी वस्तू एक नव्हती. जुनी देशी शाई म्हणजे काजळी आणि डिंक. दप्तरातली पक्की निळी-काळी शाई म्हणजे हिराकस आणि माजूफळातलं टॅनिन, वर थोडा निळा रंग. १९३१ मध्ये दांडेकर बंधूंनी मुंबईत शाईची पूड आणि टिकिया विकायला सुरुवात केली आणि त्यातून पुढे कॅम्लिन उभी राहिली. टिकिया पाण्यात विरघळवून दौत भरायची अशी ती सोय. छापखान्याची शाई म्हणजे तेलात घोटलेली काजळी. रबरी शिक्क्याच्या गादीत ग्लिसरिनमध्ये कालवलेला जांभळा रंग. बॉलपेनात दाट, चिकट द्रावणातला रंग आणि राळ, जेल पेनात बहुधा पाण्यात तरंगणारे रंगाचे बारीक कण, मार्करमध्ये अल्कोहोल आणि राळ. या सगळ्यांना आपण शाई म्हणतो ते त्या कागदावर उमटतात म्हणून. कपड्यावर पडल्या की त्यांच्यात काडीचंही साम्य उरत नाही.

लिंबू-मिठाचा उपाय ज्या पिढीने सांगितला तिच्या दौतीत लोहाची शाई होती, हे ध्यानात घेतलं की त्या उपायातली अक्कल दिसते. हिराकशीतलं लोह टॅनिनशी जोडलं जातं, हवा लागताच काळं पडतं आणि सुती धाग्याच्या आतच बसून राहतं, कारण हा काळा पदार्थ पाण्यात विरघळत नाही. लिंबातलं सायट्रिक आम्ल त्या लोहाला टॅनिनपासून सोडवून स्वतःशी बांधून घेतं, आणि हे नवं बांधलेलं लोह पाण्याबरोबर निघून जातं. ताकातलं लॅक्टिक आम्ल हेच काम सावकाश करतं. दुधाचा लौकिक मुख्यतः आंबलेल्या दुधाचा असावा. ताजं दूध ओला डाग टिपतं, पण तेवढं साधं पाणीही करतं. प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या रसायनांच्या दुकानात मिळणारं ऑक्झॅलिक आम्ल या कामात लिंबाच्या कैक पटींनी जोरदार, मात्र ते विषारी आहे आणि पोरंबाळं असलेल्या खोलीत उघडं ठेवण्याची वस्तू नव्हे. आम्ल कोणतंही असो, ते सुतावर वाळू देता कामा नये. पाणी उडून गेलं की आम्ल घट्ट होतं आणि धागा कुजवतं. दोन धुण्यांनंतर डागाच्या जागी भोक दिसतं ते यामुळे.

या शाईवर चुकीचा उपाय कोणता? सगळ्यात आधी हाताशी येणारा: धुण्याचा साबण आणि सोडा. अल्कली लागली की लोहाचा गंज होतो, आणि काळा डाग तपकिरी-पिवळा होऊन बसतो. ब्लीचने तर आणखी फसगत होते. त्याने काळेपणा जातो, त्यामुळे जिंकल्यासारखं वाटतं, पण लोह जागच्या जागीच असतं आणि आता ते निव्वळ गंज म्हणून उरतं. मग तो पिवळटपणा काढायला कोणी त्याच बादलीत लिंबू पिळतो, आणि ब्लीचमध्ये आम्ल पडून क्लोरिन वायू सुटतो. दहा बाय बाराच्या खोलीतल्या मोरीत हा वायू जीवघेणा ठरू शकतो. ब्लीच वापरलं असेल तर ते चार पाण्यांनी पूर्ण निघाल्याशिवाय आम्लाकडे वळायचं नाही, याला अपवाद नाही.

इथे पहिला आक्षेप येतो. लिंबू स्वस्त आहे, घरात आहे, मग शाई कोणतीही असो, लावून बघायला काय जातं? सुतावर फारसं जात नाही. रेशमावर जातं. फाउंटन पेनातली धुतली जाणारी निळी शाई आणि लाल शाई यांतले रंग पाण्यात ऋण विद्युतभार घेऊन विरघळतात. सुताचा धागाही पाण्यात किंचित ऋणभारितच असतो. दोघांचं जमत नाही, म्हणून शाळेच्या सुती सदऱ्यावरचा निळा डाग नळाखाली धरला तरी बराचसा वाहून जातो. रेशीम आणि लोकर ही प्रथिनं आहेत, त्यांच्यात अमिनो गट असतात, आणि आम्ल लागलं की हे गट धनभारित होऊन ऋणभारित रंगाला स्वतःकडे ओढतात. नायलॉन माणसाने बनवलेलं असलं तरी या बाबतीत रेशमाच्याच गोतातलं. रंगारी रेशीम रंगवताना पिंपात ॲसेटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, मुद्दाम घालतो ते याचसाठी. तेव्हा रेशमी पदरावर निळी शाई सांडल्यावर तिथे लिंबू पिळणं किंवा व्हिनेगर चोळणं ही रेशीम रंगवण्याची कृती झाली. फक्त उकळी तेवढी दिलेली नसते. आणि जरीत तांबं असेल तर राहिलेलं आम्ल तिच्यावर हिरवट डाग उठवतं, ते वेगळंच.

दादरच्या हिंदमाताच्या दुकानांतून घेतलेली खऱ्या रेशमाची पैठणी असेल तर अडचण आणखी खोल आहे. तिचा स्वतःचा जांभळा किंवा मोरपंखी रंगही बहुधा याच जातीच्या बंधाने रेशमाला धरून असतो. डागाचा बंध सोडवील असं जे काही लावाल ते साडीचा बंधही सोडवतं. पांढऱ्या रेशमी उपरण्यावर जे थोडंफार धाडस करता येतं ते रंगीत पैठणीवर करता येत नाही, याचं कारण एवढंच. रेशमावर शाई पडली की करायचं ते पहिल्या काही मिनिटांत: खाली पांढरं सुती फडकं, वरून गार पाण्याचे थेंब, चोळायचं नाही, टिपायचं. टिपून उरलेला डाग सौम्य, सोडा नसलेल्या द्रव साबणाच्या पाण्याने एकदा, मग थांबायचं. थांबणं हाही एक उपायच आहे, आणि माझ्या मते रेशमाच्या बाबतीत तो सर्वांत जास्त साड्या वाचवतो. उरलेल्या डागासह साडी ड्रायक्लीनरकडे द्यावी, आणि शाई कोणती ते त्याला सांगावं. नुसतं ‘डाग आहे’ म्हणून पावती फाडू नये.

बॉलपेनचा डाग मात्र पाण्याला भीक घालत नाही. टेरिकॉटच्या पांढऱ्या शर्टाचा खिसा, त्यात टोपण नसलेलं पेन, आणि दुपारपर्यंत खिशाच्या खालच्या कोपऱ्यात रुपयाएवढा निळा-जांभळा ठिपका, हे दृश्य मुंबईच्या कुठल्याही कचेरीतलं. टेरिकॉट म्हणजे बहुधा ६७ टक्के पॉलिएस्टर आणि ३३ टक्के सूत. पॉलिएस्टर पाणी पीत नाही, तेलकट गोष्टी मात्र आवडीने धरून ठेवतं, आणि बॉलपेनची शाई नेमकी तशीच आहे. म्हणून इथे विरघळवणारा पदार्थ लागतो, आणि घरात सहज मिळणारा म्हणजे स्पिरिट किंवा साधं, रंग-अत्तर नसलेलं सॅनिटायझर. पण लावण्याची रीत बहुतेकजण चुकवतात. शर्ट सुलटा धरून वरून स्पिरिट ओतलं की रंग विरघळतो, बाजूला पसरतो, आणि स्पिरिट उडाल्यावर रुपयाचा डाग बशीएवढा होतो, कडेला गडद कंगोरा. त्याऐवजी खिसा उलटा करून डागाची बाजू जुन्या पांढऱ्या फडक्यावर ठेवायची, मागून कापसाच्या बोळ्याने थेंब-थेंब स्पिरिट सोडायचं, म्हणजे रंग कापडातून न पसरता खालच्या फडक्यात उतरतो. फडक्यावर निळा ठसा उमटला की फडकं सरकवून कोरी जागा घ्यायची. ठसा फिका होत होत थांबला की मग साबण, मग पाणी. पाच-सहा वेळा जागा बदलायला लागते. बोळा एकच ठेवून घासत राहिलं तर तोच रंग परत शर्टात जातो.

हेअरस्प्रेची ख्यातीही यातूनच आली. जुन्या हेअरस्प्रेमध्ये भरपूर अल्कोहोल असायचं, काम ते करायचं. त्यातली राळ उलट कपड्यावर चिकटून राहायची. टूथपेस्टमध्ये खडूसारखी पूड आणि फेस आणणारा साबण असतो, म्हणजे ती घासते, एवढंच. सॅनिटायझरच्या जेलमधला दाटपणाही नंतर साबणाने काढावा लागतो. नेलपॉलिश काढायचं ॲसिटोन बॉलपेनवर स्पिरिटपेक्षा जलद चालतं, पण कापडात ॲसिटेट असेल, आणि कोटाच्या अस्तरात ते पुष्कळदा असतं, तर डागासकट कापडच विरघळतं.

टेरिकॉटबाबत एक गोष्ट रंगखात्याकडूनच शिकावी. पॉलिएस्टर रंगवायला सुमारे १३० अंश सेल्सियस तापमान आणि दाबाखालची बंद यंत्रं लागतात, कारण गार असताना त्याची रचना इतकी घट्ट असते की रंग आत शिरतच नाही. तापलं की ती सैल होते. शर्टावरचा बॉलपेनचा डाग अर्धवट गेला, ‘पुढच्या धुण्यात जाईल’ म्हणून शर्ट इस्त्रीला दिला, की कोळशाची तापलेली इस्त्री धाग्याचं दार उघडून उरलेला रंग आत ढकलते. इस्त्री झालेला डाग आणि न झालेला डाग या दोन निराळ्या वस्तू आहेत. इस्त्रीवाल्याच्या गठ्ठ्यात कपडा टाकण्याआधी खिसा बघावा. सगळ्या द्रावणांहून हा उपाय स्वस्त.

धाग्यावरून सगळं ठरतं याचा सर्वांत स्वच्छ पुरावा शिक्क्याच्या जांभळ्या शाईत मिळतो. हा रंग पर्किनच्या जांभळ्याच्या घराण्यातला, पाण्यात धनभारित. सुताला तो आपणहून धरत नाही, आणि त्यामुळे एकोणिसाव्या शतकातले रंगारी सूत आधी टॅनिनमध्ये भिजवत, ते पक्कं करत आणि मग असे रंग चढवत. साध्या सुती सदऱ्यावर शिक्का पडला तर साबण आणि स्पिरिट मिळून त्याला बराच उतरवतात. पण त्याच सदऱ्यावर त्याच जागी आधी चहा सांडलेला असेल तर? चहात टॅनिन असतं. म्हणजे नकळत रंगाऱ्याची पहिली पायरी झालेली असते, आणि शाई तिथे जास्त चिवटपणे बसते. कचेरीतल्या टेबलावर चहा आणि शिक्का शेजारी असतात, हे काही चांगलं नाही. आता हाच शिक्का ॲक्रिलिकच्या स्वेटरवर पडू द्या. ॲक्रिलिकच्या धाग्यात ऋणभारित गट असतात आणि धनभारित रंग हे त्याचे हक्काचे रंग. गिरणीत ते याच जातीच्या रंगांनी रंगवलं जातं. तिथे डाग काढायचा म्हणजे स्वेटरचा स्वतःचा रंग काढण्याइतकं अवघड काम. दिसायला लोकरीसारखं असलेलं हे कापड शाईच्या बाबतीत लोकरीच्या उलट वागतं, आणि लोकरीचे कपडे कसे सांभाळावेत याचा सल्ला त्याला लावला की फसगत होते.

आता ब्लीचवाल्यांचा आक्षेप. रंग कसाही बसलेला असो, तो मोडूनच टाकला तर बंधाचा प्रश्न येतो कुठे? गिरण्यांतही ब्लीचिंगखातं होतंच की. हा आक्षेप वजनदार आहे आणि पांढऱ्या सुतापुरता मला मान्यही आहे. धुतली जाणारी निळी किंवा लाल शाई पांढऱ्या सुतावर वाळून बसली असेल तर पातळ केलेलं क्लोरिन ब्लीच तिला निपटतं. पण ब्लीचिंगखातं रंगखात्याच्या आधी येत असे, नंतर नव्हे. कोऱ्या कापडावर ब्लीच चालतं ते तिथे हरवण्यासारखा रंग नसतो म्हणून. रंगीत कपड्यावर ते डागाच्या जागी पांढरा डाग करतं. रेशीम आणि लोकर त्याने पिवळी पडून विरघळायला लागतात, ताणल्या जाणाऱ्या कपड्यांतला स्पॅन्डेक्स पिवळा पडून मरतो, आणि सुरकुत्या न पडणाऱ्या काही सुती कपड्यांवर राळेचा जो लेप असतो तो क्लोरिन धरून ठेवतो आणि इस्त्रीखाली पिवळा पडतो. रंगारी ज्याला रंगकाट म्हणतात ती पांढरी पूड, म्हणजे हायड्रो, दुसऱ्या मार्गाने जाते. ती रंगाचं क्षपण करून त्याला बिनरंगी करते, म्हणून धाग्याला ब्लीचइतका त्रास नाही. मात्र ती रंगीत कपड्याचा रंगही तितक्याच निरपेक्षपणे काढते, आणि शाईच्या काही निळ्या-जांभळ्या रंगांचं बिनरंगी रूप नीट धुऊन काढलं नाही तर हवा लागून हळूहळू परत निळं होतं. गेलेला डाग आठवड्याने कपाटात परतला असं कोणी सांगितलं तर भुताखेताकडे जाऊ नये. धुण्यात पाणी कमी पडलेलं असतं.

याच जातीची आणखी एक गंमत धुतल्या जाणाऱ्या निळ्या शाईची. तिचा रंग अल्कलीत फिका पडतो. साबण लावताच निळं दिसेनासं होतं, आणि डाग निघाला असं वाटून कपडा वाळत घातला जातो. रंग मात्र धाग्यात असतोच. त्यावर आम्ल लागलं, मग ते लिंबू असो की घाम, की तो पुन्हा डोकं वर काढू शकतो. दिसेनासा होणं आणि निघून जाणं यांतला फरक या शाईइतका कुठलीच शाई शिकवत नाही.

इथपर्यंत सगळा युक्तिवाद रंग आणि धागा यांच्यातल्या बंधावर उभा आहे, आणि त्याला सर्वांत मोठा धक्का देते ती काजळी. ड्रॉइंगची काळी शाई, छापखान्याची शाई, बऱ्याच काळ्या जेल पेनांची शाई यांत कार्बनचे कण असतात. कार्बन सुताशी बंध करत नाही, रेशमाशी नाही, पॉलिएस्टरशीही नाही. मग बंधच नसेल तर डाग सर्वांत सहज निघायला हवा, आणि अनुभव नेमका उलटा आहे. जे. जे. कलाशाळेच्या कोणत्याही विद्यार्थ्याचा सदरा याची साक्ष देईल. उत्तर असं की रंगखात्यातही रंग बसवण्याचे दोन मार्ग होते. एक रंग विरघळवून धाग्यात शिरवायचा, दुसरा कण आणि चिकटवणारा पदार्थ घेऊन कापडावर छापायचा. कार्बन दुसऱ्या मार्गाने बसतो. तो धाग्यांच्या पिळात अडकतो, आणि त्याला लाखेचा, राळेचा किंवा तेलाचा लेप धरून ठेवतो. कार्बनवर ब्लीच चालत नाही, आम्ल नाही, रंगकाट नाही. हल्ला करायचा तो त्याला धरून ठेवणाऱ्यावर. वर्तमानपत्राच्या शाईतलं तेल साबणाच्या फेसाने सुटतं, म्हणून ती बरीचशी निघते. ड्रॉइंगच्या शाईतली लाख वाळण्याआधी पाणी आणि साबण मिळाला तर निभतं. वाळल्यावर स्पिरिट लाख थोडी सैल करतं, पण कण पिळातच राहतात आणि करडा ठसा उरतो. तो निघत नाही. ‘सर्व डाग नाहीसे’ असं छापलेल्या बाटल्याही इथे हात टेकतात, कारण त्यांतली विकरं अंडं, रक्त, पिष्ट अशा अन्नजन्य डागांसाठी असतात आणि शाईत त्यांना खायला काही नसतं.

परीट या सगळ्याकडे कसा पाहत आला? महालक्ष्मीच्या धोबीघाटावर शंभराहून अधिक वर्षं शहरभरचे कपडे येत आले, आणि कोणाचा कपडा कोणता हे भट्टीतूनही कळावं म्हणून धोब्याला डाग काढण्याइतकाच डाग पाडण्याचाही हुन्नर लागायचा. त्यासाठी त्याच्याकडे बिब्बा होता. बिब्ब्याच्या रसाने कापडाच्या आतल्या कडेला बारीक खूण करायची आणि तिच्यावर चुना लावायचा की ती काळी होऊन कायमची बसते. सोड्याच्या पाण्यात, भट्टीच्या वाफेत, दगडावरच्या आपटण्यात ती हलत नाही, कारण तो तेलकट रस हवेत आणि चुन्यात घट्ट होऊन धाग्याभोवती कातडीसारखा जमतो. इंग्रजांना ही युक्ती इतकी उपयोगी वाटली की त्यांनी बिब्ब्याला खुणेचं फळ असंच नाव दिलं. तोच रस मानेवर किंवा कंबरेवर लागून पुरळ उठायचं, आणि वैद्यकाच्या पुस्तकांत ते पुरळ धोब्यांच्या खुणेच्या नावाने नोंदलं गेलं. शाई, धागा आणि त्यांना बांधणारा चुना, असं हे पूर्ण छोटं रंगखातं परटाच्या एका काडीच्या टोकावर होतं. असल्या माणसाला डाग कशाचा ते न सांगता कपडा देणं म्हणजे त्याचं निम्मं ज्ञान वाया घालवणं.

शेवटचा आक्षेप व्यावहारिक आहे. शाई कोणती आणि धागा कोणता हे घरी कळणार कसं? प्रयोगशाळा लागत नाही. पांढऱ्या फडक्याचा कोपरा पाण्यात भिजवून डागाच्या कडेला दाबायचा. फडक्यावर रंग आला तर शाई पाण्याची, फाउंटन पेनाची. नाही आला तर दुसरा कोपरा स्पिरिटमध्ये. आता आला तर बॉलपेन किंवा मार्कर. दोन्हींत नाही आला आणि डाग निळसर-काळा किंवा कडेला पिवळट असेल तर लोहाची शंका घ्यावी आणि कपडा सुती असल्यास लिंबाचा थेंब टाकून बघावा; ठार काळा असेल आणि लिंबानेही हलत नसेल तर कार्बन. धागा ओळखायला शिवणीच्या आतून एक सूत काढून चिमट्यात धरून पेटवायचं, खाली पाण्याची वाटी ठेवून. कागदासारखं जळून हलकी राख पडली तर सूत किंवा व्हिस्कोज. केस जळल्याचा वास आला तर रेशीम किंवा लोकर. वितळून कडक मणी झाला तर पॉलिएस्टर किंवा नायलॉन, आणि राख व मणी दोन्ही दिसले तर टेरिकॉट. व्हिस्कोज निघालं तर ओलं असताना घासू नये, ओलेपणी त्याची ताकद फार कमी होते. काहीही लावण्याआधी ते शिवणीच्या आत लावून कपड्याचा स्वतःचा रंग सुटतो का ते बघायचं, हे पैठणीच्या उदाहरणावरून उघडच आहे. रॉकेल किंवा पेट्रोल यांतल्या कशालाही लागत नाही, आणि ज्या खोलीत गॅसची शेगडी दोन हातांवर असते तिथे ते आणूही नये.

एवढं करूनही काही डाग राहतात. मग उरतो रंगाऱ्याचा सरळ मार्ग, सगळा कपडाच डागाहून गडद रंगवून टाकायचा. पांढरी सुती साडी किंवा सदरा गडद निळ्यात, मरुनमध्ये किंवा काळ्यात बुडवला की करडा ठसा त्यात विरून जातो, अट एवढीच की डागाच्या जागी आधी तेल किंवा राळ उरलेली नसावी, नाहीतर रंग तिथेच धरत नाही आणि जुन्या डागाचा फिका नकाशा नव्या रंगात उमटतो. टेरिकॉटच्या शर्टाला मात्र हा मार्ग बंद आहे. बाजारात पुडीतून मिळणारे रंग सुताचे असतात, त्यामुळे ३३ टक्के धागे रंगतात, ६७ टक्के पांढरे राहतात, आणि गडद निळ्याऐवजी धुऊन धुऊन विटल्यासारखा आकाशी शर्ट हाती येतो, खिशाचा कोपरा त्यात आधीइतकाच स्पष्ट.